रणातला हौद

मे महिन्यात वाळवंटात फिरायला कोणी जात नाही. आम्ही गेलो, कारण आमच्या प्रोजेक्टचं काम एप्रिलअखेर संपलं होतं, पुढचं जुलैत सुरू व्हायचं होतं आणि आमच्या टीम लीडना नव्या लांब लेन्सने जनावरांचे फोटो काढायचे होते.

"हिवाळ्यात तिथे आपल्यासारखे लोक असतात," ते म्हणाले. "उन्हाळ्यात फक्त जनावरं. मला आपल्यासारख्या लोकांचा कंटाळा आलाय."

मी त्यांना सर म्हणत असे. येरवड्याच्या पुढे, विमानतळाच्या रस्त्यावर आमचं ऑफिस होतं आणि तिथे लहानथोर सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारत. मला ते कधी जमलं नाही. चंद्रपूरकडच्या एका तालुक्याच्या गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकलो. बारा वर्षांनी मोठ्या माणसाला नावाने बोलवायचं म्हटलं की माझी जीभच वळत नसे. पहिल्याच महिन्यात ते म्हणाले होते, "अहो, सर काय? इथे हजेरी घेत नाहीत. घेतली असती तर तुम्ही शेवटच्या बाकावर असता." सगळे हसले. मीही हसलो.

पण हेही सांगितलं पाहिजे, की ऑफिस सुटल्यावर मला शेजारी बसवून इंग्रजी पत्रं कशी लिहायची ते याच माणसाने शिकवलं. माझं वाक्य चुकलं की ते मोठ्याने वाचून दाखवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि मग शांतपणे दुरुस्त करून देत. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. रात्री कॉटवर पडून त्यांची दुरुस्त केलेली वाक्यं पाठ करायचो. आज मला जे येतं त्यातलं अर्धं त्यांनी दिलेलं आहे. त्याबद्दल मी तेव्हा कृतज्ञ होतो आणि आजही आहे.

प्रवासात आम्ही चौघं होतो. सर, त्यांच्या पत्नी म्हणजे वहिनी, मी आणि माझ्याच टीममधली एक मुलगी. ती कोथरूडची होती. पुण्यातच इंजिनिअर झालेली, इंग्रजी फर्डं. खरं सांगायचं तर तिचा कोड माझ्यापेक्षा चांगला असायचा. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं आणि सरांनाही.

जुलैत सर अमेरिकेला जाणार होते आणि त्यांच्याबरोबर एकाच माणसाची जागा होती. ती किंवा मी. जो जाणार नाही तो बेंचवर बसणार होता, म्हणजे कामाशिवाय ऑफिसात. त्या वर्षी बाजार पडलेला होता आणि बेंचवर बसलेली माणसं एकेक करून घरी जात होती. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला होतो. गावी परत जाऊन काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं.

सर म्हणाले होते, "कोड काय, कोणीही लिहितं. परक्या देशात सहा महिने ज्याच्याबरोबर काढायचे, तो नऊ दिवस गाडीत सहन होतो का बघू." ते हसत म्हणाले, पण ती परीक्षा आहे हे आम्हा दोघांनाही कळलं. त्या नऊ दिवसांत मी खिडकीची काचसुद्धा विचारल्याशिवाय खाली केली नाही.

आधी लांबचं अभयारण्य, जैसलमेरच्या पलीकडचं, आणि परतीच्या वाटेवर कच्छचं छोटं रण, असा बेत होता. सरांनी त्याचा तक्ता करून प्रत्येकाला एक प्रत दिली होती. कुठे किती वाजता पोचायचं, कुठलं जनावर बघायचं, आणि त्यापुढे खूण करायला चौकोन. माळढोकासमोरचा चौकोन दोन दिवस रिकामाच राहिला. सकाळी सहाला निघायचं, दहापर्यंत गाडीचं दार हाताला चटका देऊ लागायचं, आणि चहूकडे वाळलेलं गवत आणि बोरीची खुरटी झुडपं. वहिनी मधूनच म्हणायच्या, "अहो, ते बघा, उभं आहे काहीतरी." सर गाडी थांबवायचे, दुर्बीण लावायचे आणि म्हणायचे, "हो. झुडूप आहे. उत्तम पाहिलंत. लिहून घ्या." दुसऱ्या दिवसापासून वहिनी गप्प बसल्या आणि मागे वळून आम्हाला दशम्या आणि चटणी वाढत राहिल्या.

तिथे एक चिंकारा दिसली, खेजडीच्या सावलीत उभी. सरांना ती पळताना हवी होती. त्यांनी गाडी अंगावर घातली, ती पळाली, फोटो हलला. पुढच्या झाडाखाली ती थांबली, सरांनी पुन्हा घातली. चौथ्या झाडाखाली ती तोंड उघडं टाकून नुसती उभी राहिली. हॉर्न वाजवला तरी हलेना.

"सोडा ना तिला," ती मुलगी म्हणाली.

"मी कुठे धरलंय?" सर म्हणाले.

रणात पोचलो तेव्हा त्यांचा मूड फारच बिघडलेला होता. रण म्हणजे भेगाळलेली, भाकरीच्या पाठीसारखी जमीन, जिथवर नजर जाईल तिथवर. झाड नाही, दगड नाही. ऊन वर चढलं की सगळीकडे पाणी भरल्यासारखं चकाकतं आणि त्यात रानगाढवं अधांतरी चालल्यासारखी दिसतात. तांबूस अंग, पांढरं पोट, गाढवापेक्षा घोड्याच्या जवळची. आम्ही गाडी वळवली की ती सरळ रेषेत धावत सुटायची आणि कोसभर लांब जाऊन पुन्हा उभी राहायची. पहिल्या संध्याकाळी सरांनी अख्खा रोल संपवला आणि हाती फक्त ढुंगणं लागली, असं ते स्वतःच म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "तुम्ही जंगलातले ना? का जंगल नुसतं बायोडेटात आहे? काय करून राहिले तुम्ही सकाळपासून?" ते 'करून राहिले' त्यांनी माझ्या गावच्या हेलात म्हटलं. वहिनीही हसल्या.

माझे बाबा जंगलात रोजंदारीवर होते. उन्हाळ्यात त्यांचं काम एकच. टँकरवर बसून जायचं आणि जंगलातले सिमेंटचे पाणवठे भरायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्याबरोबर जायचो. बुद्धपौर्णिमेला जनावरांची मोजदाद होते, तेव्हा पाणवठ्यावरच्या मचाणावर त्यांच्याशेजारी बसलोय. म्हणून मी म्हणालो, "सर, उन्हाळ्यात जनावराच्या मागे धावायचं नसतं. पाण्यापाशी बसायचं. सगळं पाण्यावर येतं. पाणी कुठंय ते टँकरवाल्याला ठाऊक असतं."

सरांनी गाडी थांबवली. माझ्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्ही दोन हजार किलोमीटरनंतर सांगताय," ते म्हणाले, पण आवाज बदललेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणाच्या कडेच्या गावात आम्हाला टँकर सापडला. आम्ही त्याच्या मागोमाग गेलो. दीड तास धूळ खाल्ल्यावर एक गोल सिमेंटचा हौद आला, गुडघाभर उंचीचा, तळाला वाळलेलं शेवाळ. आसपास काही नाही. टँकरवाला म्हातारा होता. पाणी सोडता सोडता त्याने सांगितलं, की टँकर नादुरुस्त होता, चार दिवस हौद कोरडाच होता, आणि या बाजूला दुसरं पाणी नाही. सरांनी त्याला बिस्किटं दिली. निघताना तो खिडकीशी आला.

"साब, पानी डाल दिया. अब आप भी हट जाना. ये लोग चार दिन के प्यासे हैं."

"हाँ, हाँ," सर म्हणाले.

टँकर दिसेनासा झाला. सरांनी माझं मत विचारलं. गाडी कुठे लावायची, तोंड कुठल्या बाजूला, सूर्य कुठे असेल. मला इतकं कोणी कधी विचारलं नव्हतं. मी हौदापासून तीस पावलांवर जागा दाखवली. बाबांच्या मचाणाचं अंतर साधारण तेवढंच असायचं.

माझी चूक काय होती ते मला दुपारी कळलं. मचाण झाडावर असतं, पानांत असतं. माणूस वर आहे हे जनावराला दिसत नाही. इथे आमची पांढरीशुभ्र गाडी ताटात ठेवल्यासारखी होती.

बारा वाजता रानगाढवं आली. अकरा होती. रेषेत उभी राहिली, चारशे पावलांवर असतील. त्यांत एक मादी होती आणि तिच्या पोटाला चिकटून मागच्या पावसाळ्यातलं शिंगरू. सगळ्यांची तोंडं हौदाकडे. ती पुढेही येईनात आणि मागेही जाईनात. शेपूटसुद्धा हलत नव्हतं. एक वाजला, दीड वाजला. इंजिन तापतं म्हणून सरांनी एसी बंद केला. आम्ही ओले टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो. डिकीत पाण्याचे दोन मोठे कॅन होते, आम्ही तासातासाला ग्लास भरून पीत होतो.

दोनच्या सुमाराला ती मुलगी म्हणाली, "ते आपल्यामुळे येत नाहीयेत."

"त्यांनी तुला मेल केलंय का?" सर म्हणाले.

"मी सीरियसली सांगतेय. चार दिवस पाणी नाही त्यांना. गाडी थोडी मागे घेऊ या. तुमची लेन्स आहे ना?"

"लेन्स म्हणजे दुर्बीण नाही. आणि इथे आपण पाणी पाजायला आलो नाही. तो धंदा यांचा." त्यांनी अंगठा माझ्याकडे केला. "सांगा हो, वनखातं. हिचं ऐकायचं का?"

ती माझ्याकडे बघत होती. तिला माझं उत्तर आधीच ठाऊक असल्यासारखी, म्हणजे मी तिच्याच बाजूने बोलणार हे गृहीत धरून.

बाबा पाणवठा भरला की तिथे बिडीसुद्धा पेटवत नसत. पाइप गुंडाळायचा आणि निघायचं. मी रेंगाळलो तर दंड धरून ओढायचे. एका दुष्काळी वर्षी टँकरचं इंजिन चालू असताना एक सांबर त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर येऊन प्यायलं होतं. मला वाटलं बाबा ते कौतुकाने सांगतील. ते जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, की जनावरानं भीती सोडली म्हणजे त्याच्यात काही उरलेलं नसतं.

म्हणजे मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी माहीत होत्या. आमच्यामुळे ती येत नाहीत, हेही आणि शेवटी ती येतील, हेही.

मी म्हणालो, "येतील, सर. तहान फार झाली की भीती सुटते. जितका उशीर, तितकी जवळ येतील."

सर मागे वळले आणि तिला म्हणाले, "ऐकलंस? याला म्हणतात डोमेन नॉलेज."

त्यांनी मला त्यांच्या हाताने ग्लास भरून दिला. मी तो प्यायलो.

त्यानंतरचे तीन तास मी फारसे सांगू शकत नाही, कारण त्यांत काही घडलं नाही. जनावरं एकेक पाऊल पुढे येत होती. अर्ध्या तासात दहा पावलं, मग थांबायची. सर कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते आणि मधून मधून मला विचारायचे, "अजून?" मी म्हणायचो, "अजून थोडं, सर." चारच्या आसपास शिंगराचे पुढचे गुडघे वाकले. ते उठलं. पुन्हा वाकले. वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, बसतंय ते." आणि थोड्या वेळाने, "दमलं असेल." तिसऱ्यांदा ते कुशीवर पडलं आणि उठलं नाही. मादीने त्याला नाकाने दोनदा ढोसलं. बाकीची पुढे सरकली होती. ती मागे राहिली.

"प्लीज," ती मुलगी म्हणाली. ते तिने सरांना म्हटलं नाही. मला म्हटलं.

मी पुढे बघत राहिलो. सरांना अमेरिकेत माझ्यासारखा माणूस लागेल का, हा विचार मी त्या क्षणी करत होतो, हे मला स्पष्ट आठवतं. नंतर मी स्वतःला सांगून पाहिलं, की उन्हाने डोकं बधिर झालं होतं. तसं नव्हतं. डोकं चांगलं चालत होतं.

साडेपाचला ती मादी पळत आली. बाकी नऊ थांबलेली होती, ती त्यांच्यामधून आली, गाडीकडे न बघता, आणि तोंड थेट पाण्यात घातलं. तीस पावलं. तिच्या पापण्यांवरची धूळ दिसत होती. ती पीत असताना गळ्यातून गोळे खाली सरकताना दिसत होते. सरांचा कॅमेरा चालूच होता. "वा," ते हळूच म्हणत होते, "वा, वा." मग तिच्या मागोमाग इतर आली, आणि हौदाभोवती अकरातली दहा जनावरं उभी राहिली. आम्हाला त्यांचा पिण्याचा आवाज ऐकू येत होता.

तेवढ्यात ती मुलगी पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली.

"दार लाव, गरम हवा येतेय," सर म्हणाले.

तिने दार लावलं नाही. ती हौदाला लांबून वळसा घालून शिंगराकडे चालत निघाली, पण दहाच्या दहा जनावरं उधळली. मादीसुद्धा. काहींचं पिणं झालं होतं, काहींनी नुसतं तोंड लावलं होतं.

"घ्या," सर म्हणाले. "इतका वेळ आपण हाकलत होतो म्हणे. हाकललं कोणी? बाईसाहेबांनी." मग मला म्हणाले, "जा, घेऊन या तिला. चक्कर येऊन पडेल, आणि मग तिचे आईवडील मला धरतील."

मी गेलो. बुटाच्या तळातून जमीन भाजत होती. ती शिंगराजवळ बसली होती आणि बाटलीच्या झाकणाने त्याच्या तोंडात पाणी घालत होती. पाणी एका बाजूने आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने मातीत. डोळ्याच्या कोपऱ्यात माशा होत्या आणि ते पापणी हलवत नव्हतं.

"मान धर ना," ती म्हणाली.

मी धरली. हातात धरल्या धरल्या मला कळलं. कोणी सांगायची गरज नसते. तरी तिने सगळी बाटली संपवली आणि मी शेवटपर्यंत मान धरून ठेवली, कारण सोडली असती तर तिला समजलं असतं. गाडीचा हॉर्न वाजला. थोडा वेळ थांबून पुन्हा वाजला.

"चल," मी म्हणालो.

ती उठली, हात ड्रेसला पुसले आणि म्हणाली, "तू बोललास तसंच झालं. जवळ आली."

परतीच्या दोन दिवसांत ती आणि मी एकमेकांशी बोललो नाही. सर मात्र उत्साहात होते. अहमदाबादला त्यांनी मला आग्रहाने आइसक्रीम खायला घातलं. पुण्यात रोल धुऊन आल्यावर तो फोटो त्यांनी मोठा करून ऑफिसच्या कँटीनमध्ये लावला. खरोखर सुंदर फोटो होता. पाण्यात बुडालेलं तोंड, पाण्यातलं प्रतिबिंब, मागे सगळं मोकळं. लोक थांबून बघायचे. सर सांगायचे, "साडेसात तास बसलो. एक सेकंद हललो नाही. यांच्यामुळे." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. पुण्यात माझ्या खांद्यावर पहिल्यांदाच कोणी चारचौघांत हात ठेवत होतं. मला ते आवडलं नाही असं मी लिहिलं तर ते खोटं होईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाव जाहीर झालं. माझंच. तिच्याबद्दल सर मीटिंगमध्ये म्हणाले, "हुशार आहे. पण थांबता येत नाही. क्लायंटपुढे अशी उतरून चालू लागली तर?" ती समोरच बसली होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "ओके."

व्हिसाच्या मुलाखतीची मला फार भीती वाटत होती. माझं इंग्रजी कागदावर बरं होतं, तोंडात अडकायचं. सरांनी तिला माझी तयारी करून घ्यायला सांगितलं. ती बेंचवर होती, तिला वेळच वेळ होता. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती वेळेवर आली. एका छोट्या खोलीत टेबलाच्या पलीकडे अधिकाऱ्यासारखी बसली आणि कागद समोर ओढून एकेक प्रश्न विचारू लागली. कुठे राहणार, किती दिवस, परत कशावरून येणार. जिथे चुकलो तिथे तिने मला थांबवलं, शब्द सुधारले, पुन्हा म्हणायला लावले. एकदाही हसली नाही आणि टोमणाही मारला नाही. दीड तासात तिने माझ्याकडून जेवढं करून घेतलं, तेवढं दोन वर्षांत कोणी करून घेतलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न तिने कागदात न बघता विचारला, इंग्रजीतच. तुमच्या कंपनीत इतकी माणसं आहेत, मग तुम्हालाच का निवडलं?

सरांनी मला याचं उत्तर तयार करून दिलेलं होतं. मी ते म्हटलं. मी शांत डोक्याने काम करतो, दबावाखाली डगमगत नाही, आणि माझ्याकडे चिकाटी आहे.



"परत म्हण," ती मराठीत म्हणाली. "वाक्य बरोबर आहे. फक्त खाली बघू नकोस."

मी परत म्हटलं. तिसऱ्या खेपेला मला ते तिच्याकडे बघत म्हणता आलं. तिने कागदावर बरोबरची खूण केली, पेनाला टोपण लावलं आणि दिवा बंद करून बाहेर गेली.